वाटी रिकामी परत करू नये

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला लागतो, तह लागतो आणि निदान एक तरी फितूर किल्लेदार लागतो. मी सांगणार आहे त्या इतिहासात एक निळं-काळं खोकं आहे आणि त्याला दोन शिंगं आहेत. एवढंच.

लिंक्सिस या अमेरिकन कंपनीनं २००२ च्या डिसेंबरात हा राउटर बाजारात आणला. नाव डब्ल्यूआरटी५४जी. ठेवणाऱ्यानं उभ्या जन्मात बारसं पाहिलं नसावं. राउटर म्हणजे घरातला पोस्टमन. बाहेरून इंटरनेटची एकच तार येते. त्यातलं कुणाचं टपाल कुणाला द्यायचं ते हा बघतो. ही अक्कल त्याच्या पोटातल्या प्रोग्राममध्ये असते. त्याला म्हणतात फर्मवेअर.

२००३ साली सिस्को या बड्या कंपनीनं अख्खी लिंक्सिसच विकत घेतली. त्याच वर्षी काही चौकस मंडळींनी खोक्याच्या पोटात डोकावून पाहिलं, तर आत लिनक्स! लिनक्स फुकट मिळतं खरं, पण जीपीएल नावाच्या परवान्याखाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली आणलेला हा परवाना वाचताना भल्याभल्यांना पेंग येते. पण चाळीतल्या कुठल्याही काकूंनी तो एका वाक्यात सांगितला असता. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये! आमचं खुशाल घ्या, बदला, विका. मात्र ज्याला विकाल त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, तुमच्या फेरफारांसकट द्या. कंपनीनं शिरा खाल्ला होता आणि वाटी कपाटात ठेवली होती.

तगादा लागला. त्याच वर्षी कंपनीनं सोर्स कोड खुला केला आणि २००४ मध्ये त्यातून 'ओपनडब्ल्यूआरटी' जन्माला आलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांना चक्क कॉकटेलची नावं! 'व्हाइट रशियन'मध्ये शिरलं की पडद्यावर व्होडका किती घालायची त्याची कृती दिसे. आपल्याकडे हे घडतं तर अळूचं फतफतं दिसलं असतं.

२००५ साली कंपनीनं पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं आणि मेमरीही १६ वरून ८ मेगाबाइटवर आणली. मग लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांसाठी जुनंच खोकं 'जीएल' असं शेपूट लावून पुन्हा आणलं. ते २०१६ सालीही विकलं जात होतं! वाटीचा वाद मात्र २००८ मध्ये कोर्टात गेला आणि २००९ मध्ये तडजोडीनं मिटला.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? सांगतो. कंपन्या काही वर्षांनी फर्मवेअरची दुरुस्ती बंद करतात. खोकं धडधाकट असतं, पण दाराची कडी ढिली झालेली असते आणि ते चोरांना आधी कळतं. माझ्या खोक्याबद्दल चौकशी केली तर पलीकडून मंजुळ आवाज आला, "सर, नवीन घ्या ना!"

मी ओपनडब्ल्यूआरटी घातलं. हे घालताना मध्येच वीज गेली तर खोक्याची 'वीट' झाली म्हणतात. पंढरपुरात विटेवर निदान विठोबा तरी उभा असतो! सुदैवानं वीज टिकली.

तर कुणा अनोळखी लोकांनी रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम आज माझ्या घरी राबतो आहे. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. म्हणून वाटीत ही हकीकत घातली आहे. गोड मानून घ्यावी.