जॉब कार्डावर काय लिहिलंय?

परवा घर आवरताना ड्रॉवरमध्ये एक चिटोरा सापडला. मोटरसायकलच्या चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. ज्यांनी कधी गाडी नावावर करून घेतलीय त्यांना ही भानगड माहीत असेल. हँडलखाली फ्रेमवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, की सतरा अक्षरं-आकडे कागदावर उमटतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, अगदी तसंच. चिटोरा टाकून देववेना. त्याची गोष्ट सांगायची राहिली होती, ती आज सांगून टाकतो. (ताई, वाचून लगेच फोन करू नकोस. सगळं ठीक झालेलं आहे.)

तर आमचा भाचा राहतो कराडला आणि कामाला आहे साताऱ्याच्या एमआयडीसीत. रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, तेही हायवेने. २०२२ च्या दिवाळीत त्याने पुण्याहून एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. दीड वर्षं वापरलेली, सिंगल ओनर. टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, आरसी त्याच्या नावावर आली, आम्हाला पेढे मिळाले.

पुढच्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट करून रात्री परत येताना उंब्रजच्या अलीकडे गाडी एकदम बंद पडली. नुसतं इंजिन नाही, हेडलाइट, टेललाइट, सगळंच. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवून शेवटच्या क्षणी गाडी बाजूला काढली म्हणून... असो. ताईला त्याने "पंक्चर झालं होतं" एवढंच सांगितलं. खरं काय ते मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो कराडच्या अधिकृत डीलरकडे गेला. तिथे "पाणी गेलं असेल" म्हणाले, बॅटरीचे टर्मिनल साफ केले, ६४० रुपये घेतले आणि जॉब कार्डावर लिहिलं, "जनरल चेकअप". हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग ऑक्टोबरात गाडीच्या पहिल्या मालकाचा मेसेज आला. "मोबाईल साफ करताना हे दिसलं. तुमच्या कामाचं असेल." खाली कंपनीचा एसएमएस. या काळात बनलेल्या अमुक मॉडेलच्या गाड्यांमध्ये टाकीखालची वायरिंग घासून शॉर्ट होण्याची शक्यता आहे, जवळच्या डीलरकडे गाडी आणा, मोफत बदलून देऊ. तारीख पाहिली तर आठ महिन्यांपूर्वीची! म्हणजे उंब्रजच्या त्या रात्रीच्याही आधीची. त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, सर्व्हिस कॅम्पची जाहिरात असेल.

रिकॉल हा शब्द मला पेपरात वाचून माहीत होता, पण तो चालतो कसा याचा कधी विचार केला नव्हता. इतिहास वाचायची खोड असल्यामुळे, आधी डीलरला फोन करायचा सोडून मी पुस्तकं आणि कायदे काढून बसलो. (बायकोचं मत : हाच तुझा प्रॉब्लेम आहे.)

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं. अपघात झाला की दोष चालवणाऱ्याचा, हे तोवर सगळे धरूनच चालत. नेडर म्हणाला, जरा गाडीकडेही बघा. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीवर होतं. कंपनीने काय करावं? या माणसाच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले! ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. मोटरसायकलीही त्यात आल्या. त्याआधी गाडीत दोष सापडला तर कंपनी डीलरला कळवायची आणि गाडी सर्व्हिसिंगला आली की तो गुपचूप नीट करायचा. गाडी आलीच नाही, तर मालकाला पत्ताही लागायचा नाही.

आता या १९६६ च्या कायद्यात गंमत बघा. दोष सापडला तर कंपनीने पत्र पाठवायचं, तेही साधं नाही, पोचपावतीचं. पण कुणाला? गाडीच्या पहिल्या खरेदीदाराला. दुसऱ्या हातात गेलेल्या गाडीच्या मालकाला पत्र मिळणार ते वॉरंटी त्याच्या नावावर झाली असेल तरच. हे वाचलं तेव्हा मी भाच्याचा तो एसएमएस पुन्हा काढून पाहिला. कराडमध्ये २०२३ साली जे घडलं, ती फट तिकडच्या कायद्यात १९६६ साली होती.

दुसरी फट त्याहून मोठी. त्या कायद्याप्रमाणे दोष कळवणं सक्तीचं होतं, फुकट दुरुस्त करून देणं नव्हतं! दोन्ही गोष्टी सुधारल्या ऑक्टोबर १९७४ च्या दुरुस्तीने. दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने, आणि पत्र सरकारदरबारी ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला. आठ वर्षं गेली एवढ्या साध्या गोष्टीला. पुढे २०१४ च्या ऑगस्टपासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना, मोटरसायकलवाल्यांनाही, आणखी एक गोष्ट सक्तीची झाली. गाडीचा सतरा आकडी नंबर टाकला की रिकॉल बाकी आहे की नाही हे कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता आलं पाहिजे.

एवढं वाचून झाल्यावर मला जोर आला. भाच्याला म्हटलं, चल.

पहिलं काउंटर, कराड. "गाडी आमच्याकडची नाही. सिस्टीमला मालकाचं नाव वेगळं दाखवतंय. त्यांना घेऊन या." आरसी दाखवली. "ते आरटीओचं झालं, आमच्या सिस्टीमचं काय?"

दुसरं काउंटर, सातारा. माणूस चांगला होता, चहा विचारला. "पार्ट मागवावा लागेल, नंबर ठेवून जा, फोन करतो." नंबर त्याने एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहिला. ते बिल टेबलावरच्या इतर बिलांत गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. तीन आठवडे फोन नाही.

तिसरं काउंटर, पुणे, जिथून गाडी मुळात विकली गेली ते शोरूम. तिथे मी एकटाच गेलो, पेन्सिल प्रिंट खिशात घेऊन. पाटी तीच, पण मालक बदललेला. "जुन्या मालकाच्या वेळच्या गाड्यांचं आमच्याकडे काही नाही."

या सगळ्या दिवसांत भाचा रोज रात्री त्याच गाडीने घरी येत होता. एसटीने ये म्हटलं, तर त्याच्या शिफ्टला जुळणारी एसटी नाही. रात्री बारा वाजता त्याचा "पोचलो" असा मेसेज येईपर्यंत मला झोप लागायची नाही. मग जागाच आहे तर वाचत बसायचो.

जपानचं प्रकरण तेव्हाच वाचलं. १९६९ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात बातमी आली की जपानी कंपन्या आपल्या गाड्यांमधले दोष जाहीर न करता परस्पर दुरुस्त करतात. अमेरिकेत कायद्याने कळवणं भाग होतं, पण घरच्या गिऱ्हाइकाला कळवायला कुणी बांधलेलं नव्हतं. तिथे मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सरकारने रिकॉल कळवण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे कागदावर सगळं ठीक झालं. पुढे २००० साली मित्सुबिशी मोटर्समधल्या कुणीतरी निनावी खबर दिली, सरकारी अधिकारी तपासणीला गेले, आणि ग्राहकांच्या तक्रारींचे कागद सापडले कुठे, तर कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरमध्ये! सरकारला दाखवायच्या तक्रारी वेगळ्या, लपवायच्या वेगळ्या. हे १९७७ पासून चालू होतं, असं कंपनीने कबूल केलं. तरी सगळं बाहेर आलं नव्हतंच. जानेवारी २००२ मध्ये योकोहामात त्यांच्या एका ट्रकचं चाक निखळून फुटपाथवरून जाणाऱ्या बाईंच्या अंगावर गेलं. त्या गेल्या, बरोबरची दोन मुलं जखमी झाली. चाकाच्या हबमध्ये दोष होता हे कंपनीने मान्य केलं २००४ मध्ये.

लॉकरचं वाचलं आणि उठून भाच्याचं ते जुनं जॉब कार्ड काढलं. "जनरल चेकअप." धावती गाडी रात्री हायवेवर बंद पडली, दिवे गेले, मुलगा थोडक्यात वाचला, याची जगात कुठेच नोंद नाही. कराडच्या त्या माणसाने काही लपवलं असं मी म्हणत नाही. त्याने लिहिलंच नाही. पण लिहिलं नाही तर लॉकरचीही गरज पडत नाही.

आपल्याकडचा कायदा तर अशा नोंदींवरच उभा आहे. आधी, जुलै २०१२ मध्ये, वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने आपणहून एक आचारसंहिता केली. रिकॉल ऐच्छिक, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि तशी वेळ आली तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. पण सरकार हलणार कधी? मुख्यतः एखाद्या मॉडेलबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर. म्हणजे आधी तक्रार, तक्रार म्हणून कुठेतरी लिहिली गेली पाहिजे.

कंपन्या आपणहून रिकॉल करत नाहीत असं मात्र नाही. नियम लागू झाल्यावर पुढच्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी २,३६,९६६ मोटरसायकली परत बोलावल्या. भारतातल्या आणि बाहेरच्या काही देशांतल्या मिळून. पार्ट बदलावा लागेल अशा त्यात दहा टक्क्यांहूनही कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता, तरी तपासायच्या सगळ्याच. तेव्हा कोरोनाची दुसरी लाट चालू होती. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. महिन्याभरात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. तिथे तक्रार कुणाला लिहावी लागली नाही, धूर सगळ्यांना दिसला. प्रत्येक गाडी काही कॅमेऱ्यासमोर पेटत नाही.

शेवटी मी कंपनीला ईमेल लिहिली. पेन्सिल प्रिंटचा फोटो, आरसी, पहिल्या मालकाला आलेला एसएमएस आणि "जनरल चेकअप"वालं जॉब कार्ड, सगळं जोडलं. तिन्ही डीलरना प्रत टाकली. रागावून काही लिहिलं नाही. एकच प्रश्न विचारला : या चासी नंबरला रिकॉल लागू आहे का? हो की नाही, एवढं लेखी कळवा.

पाचव्या दिवशी साताऱ्याहून फोन. "साहेब, गाडी पाठवा, पार्ट आलाय."

काम वीस-पंचवीस मिनिटांचं. जुनी वायर काढली तेव्हा मेकॅनिकने मला दाखवली. एका जागी वरचं कव्हर पूर्ण घासून आतली तांब्याची तार चमकत होती. मी काहीच बोललो नाही. सुपरवायझर मात्र मोकळेपणाने बोलला. "साहेब, तुम्हाला वाटतं आम्ही टाळतो. पण रिकॉलच्या कामाचे कंपनी जे देते त्यात मेकॅनिकचा वेळसुद्धा निघत नाही. आणि गिऱ्हाईक भांडतं ते आमच्याशी." त्याचंही चुकीचं नव्हतं. दोष केला कंपनीने, कायदा केला दिल्लीने, आणि काउंटरवर उभा हा.

मग त्याने जॉब कार्ड पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं "जनरल सर्व्हिस". मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचाच म्हणाला, "रिकॉल लिहा. आणि जूनमध्ये गाडी रात्री चालू असताना बंद पडली होती, दिवेही गेले होते, तेही लिहा." सुपरवायझरने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. तारीख, चासी नंबर, सगळं. खाली शिक्का.

तर मंडळी, सांगायचं एवढंच. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर चासी नंबर घेऊन डीलरकडे जा आणि रिकॉल बाकी आहे का ते विचारा, आणि आपलं नाव कंपनीच्या सिस्टीमलाही चढवून घ्या. आरसीवर नाव आहे तेवढ्यावर जाऊ नका. काही बिघडलं तर जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्या, मगच सही करा.

आणि गाडी विकली असेल तर? हे मी स्वतःलाच विचारतोय. आमची जुनी स्कूटर मी २०१९ मध्ये विकली. कंपनीचे मेसेज अजून मलाच येतात आणि मी ते न वाचता डिलीट करतो. भाच्याच्या गाडीच्या पहिल्या मालकाला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती मी! त्याने निदान उशिरा का होईना, पाठवला तरी.

स्कूटर ज्यांना विकली ते हडपसरचे होते. त्यांचा नंबर कुठल्यातरी जुन्या डायरीत असेल. आज संध्याकाळी शोधतो.