पानं मोजणारा आणि पानं फिरवणारा

दुबईहून शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्याने उत्तरेला निघालं की साधारण तासाभरात रास अल खैमा येतं. शारजा, उम्म अल क्वैन मागे पडतं, वाळूचा रंग तांबूस होत जातो आणि समुद्रात भर घालून केलेली अल मर्जानची चार बेटं लागतात. 'विन अल मर्जान आयलंड' हे सत्तर मजली हॉटेल तिथलंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला संयुक्त अरब अमिरातीतला पहिला कॅसिनो परवाना मिळाला आणि उघडण्यासाठी कंपनीने २०२७ साल जाहीर केलं.

पुण्याहून आलेल्या मामेभावाला मी मुद्दाम त्या बाजूला नेलं होतं. तो गणिताचा मास्तर. इमारतीकडे बघत म्हणाला, "दादा, हिशोबाला पक्का माणूस असेल तर इथे रोजचा पगार काढेल की."

"काढेल. पण त्याला काढू देणार नाहीत."

"म्हणजे हरणाऱ्याला चहा पाजणार आणि जिंकणाऱ्याला दार दाखवणार? ही तर शुद्ध लबाडी!"

परतीच्या वाटेवर आम्ही हेच बोलत होतो. लबाडी नक्की कुणाची? घरी आल्यावर जरा वाचत बसलो, आणि प्रश्न वाटला तेवढा सोपा निघाला नाही. त्याचाच हा वृत्तांत.

आधी इथली थोडी पार्श्वभूमी. जुगाराला अरबीत 'मैसिर' म्हणतात आणि कुराणात तो निषिद्ध आहे. अमिरातीच्या १९८७ च्या दंडविधानात जुगार खेळणाऱ्याला कैदेची तरतूद होती. १९९६ पासून होणाऱ्या दुबई वर्ल्ड कपसारख्या शर्यतीतही पैजा नाहीत. फुकट अंदाज बांधायचे आणि बक्षीस जिंकायचं, एवढीच मुभा. अबूधाबीची 'बिग तिकीट' सोडत १९९२ पासूनची, दुबई ड्यूटी फ्रीची कोट्यधीश करणारी सोडत १९९९ पासूनची. दोन्हींवर आपल्या भारतीय मंडळींचा भारी जीव! मग सप्टेंबर २०२३ मध्ये जुगाराचं नियंत्रण करणारं केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकृत लॉटरीची पहिली सोडत निघाली.

आपल्याकडची गंमत याच्या उलट. महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने मात्र त्याच १९७६ सालच्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून वाट मोकळी केली, आणि २००१ मध्ये मांडवीत 'काराव्हेला' हे पहिलं कॅसिनो जहाज उभं राहिलं.

असो. मूळ मुद्दा कुशल जुगाऱ्याचा. त्याची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्याच घरातली आहे.

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान येतं. पुष्कराशी द्यूत खेळून नल राज्य घालवतो आणि पुढे बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे बघून सांगतो, दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि दोन हजार पंच्याण्णव फळं. नल हट्टाने रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो. आकडा बरोबर! आणि फासे कशाचे असत? बेहड्याच्याच फळांचे. ऋतुपर्ण म्हणतो, मला 'अक्षहृदय' येतं, म्हणून मोजणीतही मी पटाईत आहे. मग नल त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात अक्षहृदय घेतो. थोड्यांवरून पुष्कळांचा अंदाज आणि फाशांचा हिशोब ही एकच विद्या आहे, हे या गोष्टीत गृहीतच धरलंय. संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंगलाही १९७५ च्या आपल्या पुस्तकात या गोष्टीची दखल घ्यावीशी वाटली.

नल परत जातो, पुष्कराला एका डावात हरवतो आणि राज्य मिळवतो. त्याला कुणी लबाड म्हणत नाही. शकुनीला मात्र म्हणतात. म्हणजे डोक्यातली विद्या वेगळी आणि कपट वेगळं, हा भेद आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक होता.

आता पानं मोजणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. एडवर्ड थॉर्प अमेरिकेत एमआयटीमध्ये गणित शिकवायचा. ब्लॅकजॅकमध्ये वाटून झालेले पत्ते गड्डीत लगेच परत जात नाहीत, म्हणजे काय गेलं यावरून काय उरलं ते कळतं. दश्शी, चित्रं आणि एक्के जास्त उरले असतील तर खेळणाऱ्याचा फायदा, छोटी पानं उरली असतील तर कॅसिनोचा. आयबीएम ७०४ संगणकावर त्याने हे सगळं तपासलं आणि १९६२ मध्ये पुस्तक छापून जगाला सांगून टाकलं. हातचलाखी नाही, आरसा नाही, साथीदार नाही. समोरचे पत्ते बघायचे आणि मनात बेरीज-वजाबाकी करायची, बस्स.

लास व्हेगासच्या कॅसिनोंनी १ एप्रिल १९६४ रोजी खेळाचे नियमच बदलले. पण त्यामुळे साधी गिऱ्हाइकंही पाठ फिरवू लागली, तेव्हा काही आठवड्यांत नियम मागे घ्यावे लागले. मग त्यांनी दुसरा उपाय काढला : नियम तसेच ठेवायचे आणि माणूस उठवायचा. १९६७ मध्ये ग्रिफिन नावाच्या गुप्तहेर संस्थेचा धंदा सुरू झाला. संशयितांचे फोटो जमवून ती कॅसिनोंना विकायची. त्या यादीत ठग होते आणि नुसते हुशारही होते. २००५ मध्ये अशाच दोन कुशल खेळाडूंनी कोर्टात हरवल्यावर संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

केन युस्टन नावाच्या खेळाडूने हा प्रश्न धसाला लावला. १९७९ मध्ये अटलांटिक सिटीच्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोने त्याला बंदी घातली. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार सरकारी आयोगाचा आहे. आयोगाने मनाई केलेली नसताना केवळ चांगला खेळतो म्हणून कॅसिनो कुणाला बाहेर काढू शकत नाही. नेवाडात मात्र आजही काढतात. न्यू जर्सीच्या कॅसिनोंनी मग गड्ड्या वाढवल्या, लवकर पिसायला सुरुवात केली. माणूस काढता येईना, तेव्हा त्याच्या हुशारीची किंमत उतरवली.

आपल्या कायद्याशी याची तुलना केली की मौज वाटते. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ज्यात कौशल्याचा भाग मोठा, तो जुगार नव्हे. १९६८ मध्ये रमीला हीच कसोटी लावली, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना. म्हणजे आपल्या कोर्टात कौशल्य हा बचाव आहे, आणि कॅसिनोत तोच आरोप!

इथपर्यंत माझं मत मामेभावासारखंच होतं. पण मग फिल आयव्हीची केस वाचली आणि गाडी अडकली.

आयव्ही पोकरमधला जगप्रसिद्ध खेळाडू. ऑगस्ट २०१२ मध्ये तो एका साथीदार बाईंसह लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये पुंटो बँको खेळला. या खेळात कॅसिनोची बाजू सुमारे एका टक्क्याने वरचढ असते. काही गड्ड्यांमध्ये पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना किंचित सरकलेली असते, त्यामुळे पत्त्याची एक लांब कड दुसरीसारखी दिसत नाही. त्या बाईंना हा केसाएवढा फरक ओळखता यायचा. शुभ-अशुभाचं निमित्त सांगून त्यांनी वाटणाऱ्या मुलीला विनंती केली, की चांगली पानं अशी फिरवून ठेव आणि बाकीची तशी. चांगली म्हणजे सत्ते, अठ्ठे, नव्वे. जुगारी माणसं असलीच विक्षिप्त असतात, असं समजून तिने ऐकलं. यंत्राने पत्ते पिसले तरी उलटसुलट होत नाहीत. पुढच्या फेरीपासून पहिलं पान चांगलं की वाईट हे पाठीवरून कळायला लागलं आणि साडेसहा टक्क्यांची बाजू आयव्हीकडे आली. तो जिंकला सुमारे ७७ लाख पौंड. क्लबने मुद्दल परत केलं, जिंकलेली रक्कम दिली नाही. आयव्ही कोर्टात गेला.

२५ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : ही फसवणूकच. आपण काही गैर करत नाही असं आयव्हीला मनापासून वाटत होतं, हे कोर्टाने मान्य केलं. पण स्वतः गुपचूप पत्ते लावून ठेवले असते तर ती उघड लबाडी ठरली असती, मग बेसावध मुलीच्या हातून लावून घेतले म्हणून फरक कसा पडेल? अमेरिकेत बोर्गाटा कॅसिनोतही दोघांनी ९६ लाख डॉलर असेच जिंकले होते. तिथल्या न्यायाधीशाने २०१६ मध्ये याला फसवणूक म्हटलं नाही, पण करारभंग ठरवून पैसे परत करायला लावले. २०२० मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली.

आता तिसरा मासला. एप्रिल २०१२, अटलांटिक सिटीचाच गोल्डन नगेट कॅसिनो. कारखान्यातून पिसून यायला हवी होती ती गड्डी न पिसताच आली. पानं पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने पडू लागली. चौदा जणांच्या ते लक्षात आलं आणि दहा डॉलर लावणारे पाच हजार लावू लागले. सलग ४१ डाव, पंधरा लाख डॉलरच्या वर जिंकले. त्यांनी कुणाला काही करायला सांगितलं नव्हतं. चूक पूर्णपणे दुसऱ्याची. तरी २०१५ मध्ये निकाल गेला कॅसिनोच्या बाजूने, कारण न पिसलेल्या पत्त्यांचा खेळ नियमानुसार खेळच नव्हे!

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. थॉर्पने सगळ्यांसमोर असलेलं नीट पाहिलं. गोल्डन नगेटवाल्यांनी दुसऱ्याची चूक पाहिली आणि गप्प राहून फायदा घेतला. आयव्हीने दुसऱ्याला कळू न देता त्याच्याच हातून चूक करवली. पहिला निर्दोष आणि तिसरा दोषी, हे मला पटतं. मला छळते ती मधली पायरी. कारण त्या पायरीवर मी स्वतः उभा राहिलेलो आहे.

इथे आलो त्या सुरुवातीच्या काळात एका कंत्राटदाराकडे टेंडरचे दर काढायचं काम माझ्याकडे होतं. डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याचं काम होतं. मालकाच्या सल्लागाराने दिलेल्या परिमाणपत्रकात मातीची खुदाई भरपूर आणि खडकाची अगदी थोडी दाखवली होती. सोबतचे बोअरचे तक्ते मी रात्री बसून वाचले. खडक कितीतरी वर होता. मी मातीचा दर पाडला, खडकाचा चढवला. बेरीज सगळ्यात कमी आली आणि काम आम्हाला मिळालं. पुढे खडक निघायचा तो निघालाच, आणि ठरलेल्या दराने बिलं गेली. साहेबांनी पाठ थोपटली, बोनस दिला. आमच्या धंद्यात याला हुशारी म्हणतात, आणि आहेच ती. तक्ते सर्वांना दिले होते, वाचले मी.

पण टेंडरआधी शंका विचारण्याची बैठक झाली होती. सल्लागाराचा तरुण इंजिनीअर, केरळचा मुलगा, दोनदा म्हणाला, "एनी क्वेरीज?" माझ्यासमोर तक्ते उघडे होते. मी तक्ते मिटले आणि चहा घेतला. पुढे त्या मुलाची तिथून उचलबांगडी झाली, एवढं कानावर आलं.

अमिरातीच्या १९८५ च्या दिवाणी कायद्यात एक कलम घातलं होतं : समोरच्याला माहीत असतं तर त्याने करार केलाच नसता अशी गोष्ट जाणूनबुजून न सांगणं, हीदेखील दिशाभूलच. चुकून खात्यात आलेले पैसे ठेवून घेणं तर इथे सरळ गुन्हा आहे. माझ्या खडकाला ते कलम लागलं असतं की नाही, ते वकील जाणोत. तक्ते त्यांचेच होते, मी काही लपवलं नव्हतं, असा बचाव मला करता येईल. आयव्हीलाही आपला बचाव अगदी मनापासून पटलेला होता.

मग कॅसिनोची बाजू बरोबर का? मुळीच नाही. कॅसिनो सांगतो, या, नशीब आणि अक्कल दोन्ही आजमावा. मग अक्कलवाला आला की दार लावतो. गिऱ्हाईक दारू पिऊन चुकीचं पान मागतं, तेव्हा त्याची चूक पोत्यात भरायला कॅसिनोला लाज वाटत नाही. स्वतःची चूक झाली की कायदा आठवतो. रास अल खैमाच्या टेबलांवर उद्या कुणी नुसती पानं मोजली, तर न्यू जर्सीचा न्याय लावायचा की नेवाडाचा, हे इथल्या नियंत्रकांनी ठरवायचं आहे. मला विचाराल तर न्यू जर्सीचा. हवं तर पिसा, पण खेळू द्या.

मामेभाऊ जायच्या आदल्या रात्री हे सगळं त्याला सांगितलं, खडकासकट. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, नलाने तरी पुष्कराला कुठे सांगितलं होतं की मी आता अक्षहृदय शिकून आलोय?"

खरं आहे, नाही सांगितलं. पण नलाने पुढे एक गोष्ट केली, ती आपण लहानपणी ऐकतो आणि विसरतो. सगळं जिंकल्यावर त्याने पुष्कराला जीवदान दिलं, त्याचा वाटा त्याला परत केला आणि सन्मानाने घरी पाठवलं.

आमच्या बिलात परत करण्याचा रकाना नसतो.