वेळीच दाखवावयाचा दिवा

पन्हाळ्याच्या इतिहासातील दोन अत्यंत विख्यात प्रसंग रात्रीच्या आश्रयाने घडले. १६६० च्या जुलैत, ऐन आषाढात, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ते रात्री. आणि १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी गड विजापूरकरांकडून हिसकावून घेतला, ज्या पराक्रमावर जयराम पिंड्ये याने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले, तोही रात्रीच. शत्रूच्या दृष्टीस न पडणे हेच गडावरील माणसाचे बळ होते. परंतु गडाच्या पायथ्याकडील कासारी जेथे प्रयाग चिखलीस इतर नद्यांना मिळून पंचगंगा होते, त्या सखल मुलखात पावसाळ्यात पाणी पसरले, की गुऱ्हाळातली काहीलसुद्धा नाव म्हणून पाण्यात लोटणाऱ्या माणसाला उलट न्याय लागू पडतो: तेथे जो दिसत नाही तो स्वतःही संकटात असतो आणि समोरून येणाऱ्यालाही संकटात लोटतो.

रात्री होडीने दिवा दाखवावा, ही आज्ञा ऐकावयास सनातन वाटते. वस्तुतः तिचा लेखी इतिहास पावणेदोनशे वर्षांच्या आसपासचा आहे, आणि त्याचा आरंभ होडीपासून नव्हे तर आगबोटीपासून होतो. शिडाच्या जहाजाची गती वाऱ्याच्या अधीन असल्यामुळे, वारा कोणत्या दिशेचा आहे हे जाणणाऱ्या तांडेलास दुसरे जहाज कोणीकडे वळू शकेल याचा अदमास बांधता येत असे. वाफेचे यंत्र आले आणि वाऱ्याला न जुमानता हव्या त्या दिशेने, तेही वेगाने, धावणारे जहाज समुद्रावर अवतरले, तेव्हा तो जुना अदमास निरुपयोगी ठरला. म्हणून १८४८ साली ब्रिटिश नौदलाच्या सरखात्याने हुकूम काढला, की आगबोटींनी रात्री डोलकाठीवर पांढरा, उजव्या कुशीस हिरवा आणि डाव्या कुशीस तांबडा दिवा ठेवावा.

शिडाच्या जहाजांना मात्र असे कायमचे दिवे तेव्हा सक्तीचे झाले नाहीत. १८५२ च्या हुकमाने त्यांच्यावर एवढेच बंधन घातले, की दुसरे जहाज जवळ येऊ लागले म्हणजे, टक्कर टळावी इतका अवधी शिल्लक असतानाच, त्यास नीट दिसेल अशा जागी तेजस्वी दिवा दाखवावा. आपल्या कुळकथेचा मूळ पुरुष तो हाच. पुढे १८५८ साली शिडाच्या जहाजांनाही हिरवा-तांबडा दिवा बाळगणे भाग पडले आणि प्रसंगी दिवा दाखविण्याची रीत त्यांच्यापुरती संपली. पण जी रीत थोरल्यांनी टाकली ती धाकट्यांच्या वाट्यास आली. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी संमत केलेल्या १८६३ च्या नियमांत उघड्या होड्यांना कुशीच्या दिव्यांची माफी मिळाली. त्याऐवजी एका बाजूस हिरवी व दुसऱ्या बाजूस तांबडी सरकती काच असलेला एकच कंदील बाळगावा आणि जहाज जवळ येताच तो वेळीच दाखवावा, असे ठरले. १८८९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मसुद्यावरून जे नियम १८९७ मध्ये अंमलात आले, त्यांनी वल्ह्यांच्या लहान होडीपुरता रंगांचा हा खटाटोपही काढून टाकला: साधा पांढरा कंदील हाताशी ठेवावा, बस्स. रंगीत काच ज्योतीचा बहुतेक प्रकाश स्वतःच गिळते, आणि भलती काच भलत्या बाजूस आली तर ती अंधाराहूनही अधिक फसवते. तेव्हा हा बदल शहाणपणाचाच होता.

आज जगभर चालणारे नियम लंडन येथे १९७२ मध्ये ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यांतील पंचविसाव्या नियमात कंदिलाच्या जोडीस विजेची बॅटरीही आहे, पण ‘टक्कर टळेल इतक्या वेळीच’ ही अट १८५२ पासून जवळजवळ त्याच शब्दांत टिकून आहे. कॅनो आणि कयाक या आपल्याकडे अलीकडे रूढ झालेल्या नौकाही वल्ह्यांच्याच असल्यामुळे त्यांच्या वाट्यास हाच नियम येतो. त्यांनी हवे तर शिडाच्या नौकेप्रमाणे कुशीचे रंगीत व पिछाडीचे पांढरे दिवे लावावेत. न लावल्यास पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी सिद्ध ठेवावी.

ही सवलत दिसते तितकी सैल नाही. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून हात-दीड हात उंच असतात, त्याची नौका लाटेआड सहज लपते, प्लॅस्टिकचे तिचे अंग रडारला फारसा प्रतिसाद देत नाही, आणि समोरच्या मोठ्या जहाजास थांबावयास मैलभर पाणीही अपुरे पडू शकते. दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असताना पिशवीच्या तळाशी ठेवलेली बॅटरी नियमाच्या अर्थाने ‘हाताशी’ नसतेच; ती छातीवरील जाकिटास दोरीने बांधलेली हवी. कपाळावरचा दिवा सोयीचा खरा, परंतु त्याचा झोत वल्ह्यावर आणि तुषारांवर आपटून परत फिरतो, आणि अंधारास पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास घेणारी दृष्टी क्षणात दिपून जाते. लुकलुकणारा प्रखर दिवाही टाळावा असेच छत्तिसावा नियम सांगतो, कारण नौकानयनाच्या खुणेसाठी उभारलेल्या दिव्यांशी त्याची गल्लत होण्याचे भय असते.

काटेकोर कायद्याने पाहता हे नियम खुल्या समुद्रास आणि समुद्रगामी जहाजे जेथे शिरू शकतात अशा जोडलेल्या जलमार्गांस लागू आहेत. बंधाऱ्यांनी अडलेल्या कासारी-पंचगंगेस ते पोहोचत नाहीत, आणि देशांतर्गत जलवाहतुकीसाठी आपल्याकडे २०२१ चा स्वतंत्र कायदा आहे. तथापि नियमामागील युक्तिवाद नदीवरही तितकाच खरा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिखली-आंबेवाडीच्या पुरात माणसे काढणाऱ्या यांत्रिक बोटी ज्या पाण्यातून धावल्या, तशा पाण्यात अंधार पडल्यावर वल्ह्याची एखादी होडी उतरली, तर धोका त्याच जातीचा असतो. ‘वेळीच’ म्हणजे किती मिनिटे आधी, हे कोणत्याही सरकारने लिहून ठेवलेले नाही, आणि ठेवणे शक्यही नाही. वेग, अंतर आणि पाऊस पाहून तो निर्णय होडीतल्या माणसानेच करावयाचा असतो. बाकीच्या जहाजांना कायदा दिव्याची जागा, रंग आणि पल्ला नेमून देतो. सर्वांत लहान नौकेस मात्र तो तारतम्य वापरावयास सांगतो. त्यामुळे तिची जबाबदारी हलकी होत नाही, उलट अधिक जड होते.