मालगुजारीच्या काळातील नागरा

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिर व महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. मंदिर इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीचे. परिसरातील जमीन व पाण्याची व्यवस्था मात्र त्याच अमलात बदलली.

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. नागरा त्यातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

भोसल्यांच्या राज्यात मालगुजार हा सारा गोळा करून देणारा, जवळजवळ मक्तेदारच. १८६० च्या दशकातील जमाबंदीने त्याला गावाचे मालक बनवले. तलावही त्याच्याच नावे झाले. मात्र धानाला पाणी कोणी, किती घ्यायचे याच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात नोंदवण्यात आल्या. कास्तकारांच्या निस्तार हक्काचा हाच मोठा आधार!

व्यापाराला वळण दिले ते रेल्वेने. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेमुळे येथील तांदूळ दूरच्या बाजारात जाऊ लागला आणि गोंदिया ही मोठी व्यापारपेठ बनली.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले! निस्तार हक्काचे पाणी पूर्वीप्रमाणे विनामूल्य मिळावे की त्यावर पाणीपट्टी लागावी, हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. दरम्यान, अनेक तलावांत गाळ साचत गेला.