ऑक्सिजन सेन्सरवरचा आरोप

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून काळा धूर येतो, ॲव्हरेज पडलेलं असतं, प्लग काढावेत तर काजळीने माखलेले. स्कॅनर पी०१७२, म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असल्याचा कोड दाखवतो आणि निकाल लागतो: ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. हे मत इतकं रूढ झालं आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. मला ती वाटते.

आधी या मताची बाजू. सेन्सर झिजतो हे खरं. एक्झॉस्टच्या धगीत आणि काजळीत तो वर्षानुवर्षं काढतो, मंदावतो, कधी बंदच पडतो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोलची मात्रा त्याच्या सांगण्यावरून दुरुस्त करतो, तेव्हा तो चुकला तर मिश्रण बिघडणारच. नवा सेन्सर बसवल्यावर गाडी सुधारली, असं अनेक मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतात. इथवर सारं मान्य.

पण हाच युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहू. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. नेहमीचा झिरकोनियाचा सेन्सर रिच मिश्रणात ०.९ व्होल्टकडे जातो, लीनमध्ये, म्हणजे पेट्रोल कमी असताना, ०.१ कडे. समजा, तो खोटं बोलतो आहे. हे खोटं दोनच प्रकारचं असू शकतं. लीन असताना त्याने ‘रिच’ सांगितलं, तर ईसीयू पेट्रोल कमी करेल, पिकअप जाईल, इंजिन अडखळेल. पण काळा धूर कुठून येणार? रिच असताना ‘लीन’ सांगितलं, तर ईसीयू पेट्रोल वाढवेल आणि धूर येईल. पण मग कोड लीनचा, पी०१७१ यायला हवा. गरम इंजिनातून धूरही येतो आहे आणि कोडही रिचचाच आहे, याचा अर्थ एकच: सेन्सर खरं बोलतो आहे. ज्याने तक्रार नोंदवली, त्यालाच आपण आरोपी केलं!

मग नवा सेन्सर बसवल्यावर सुधारणा कशी दिसते? काम करताना कोड पुसला जातो, चेक इंजिनचा दिवा विझतो आणि तो पुन्हा लागायला बहुधा दोन ड्राइव्ह सायकल जाव्या लागतात. त्याच सर्व्हिसिंगमध्ये प्लग आणि ऑइलही बदललं जातं. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असेल, तर त्याची वाफ ब्रीदरवाटे इंजिनात येऊन मिश्रण रिच करते. ऑइल बदललं की ती थांबते. श्रेय मात्र सेन्सरला.

दुसरा संशयित एअर फिल्टर. कार्ब्युरेटरच्या काळात तो आरोप रास्त होता. इंजेक्शनच्या इंजिनात आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर चोंदला तर ताकद घटते, प्रमाण टिकतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या करून हेच दाखवलं. हल्ली ई-२० या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरही खापर फुटतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण लीनकडे झुकतं. आरोप नेमका उलटा आहे.

खरा शोध फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीच्या टक्केवारीत आहे; उणे म्हणजे तो पेट्रोल कमी करतो आहे. ट्रिम आयडलला उणे वीस टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याच्या जवळ असेल, तर इंजेक्टर गळतो आहे किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे. कारण ठरावीक गळतीचा वाटा आयडलला सर्वांत मोठा असतो. पर्जची नळी पकडीने दाबून धरा. ट्रिम वर चढू लागलं, तर चोर सापडला. वेग वाढला तरी ट्रिम तितकंच उणे राहिलं, तर फ्युएल प्रेशर मोजा. रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून हुंगा. पेट्रोलचा वास म्हणजे पडदा फाटला आहे. पुण्यात इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने साधारण ९५ किलोपास्कल दाखवावेत, आयडलला तीस-चाळीस. आयडललाही आकडा वरच राहिला, तर या सेन्सरची नळी फाटलेली आहे का ते पाहा.

आणि थर्मोस्टॅट! ‘आपल्या उन्हाळ्यात हवाय कशाला’ म्हणून तो काढून टाकण्याची खोड अजून गेलेली नाही. मग इंजिन पुरतं तापत नाही आणि ते गारच आहे असं समजून ईसीयू जादा पेट्रोल ओतत राहतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी कूलंट आणि इनटेक हवा यांचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं दिसलं पाहिजे. तफावत मोठी असेल तर तापमानाचा सेन्सर तपासा.

एक प्रसंग मात्र खराच फसवा आहे. सिलिंडर मिस मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही एक्झॉस्टमध्ये येतात. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. तो ‘लीन’ म्हणतो, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, ट्रिम अधिक होतं आणि वास पेट्रोलचाच येतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुटला असेल तरी हेच घडतं. अशा वेळीही सेन्सरचं काय चुकलं? मिसिंग काढा, गळती बुजवा. त्यानंतर गरम इंजिनाची एक व्हॅक्युम नळी काढा: व्होल्टेज झटकन ०.२ च्या खाली यावं. नळी जोडून इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा: ते ०.८ च्या वर जावं. या दोन्हींना सेन्सरने दाद दिली नाही, तर तो खुशाल बदला.