थर्ड लॅनार्कचा शेवटचा हंगाम

स्कॉटिश फुटबॉलच्या द्वितीय विभागाचे दोन लागोपाठचे गुणतक्ते शेजारी ठेवून पाहा. १९६६-६७ च्या तक्त्यात २० संघ आहेत, प्रत्येकाचे ३८ सामने. १९६७-६८ च्या तक्त्यात १९ संघ, प्रत्येकाचे ३६ सामने. मॉर्टन आणि रेथ रोव्हर्स वर गेले, सेंट मिरन आणि एअर युनायटेड खाली आले. म्हणजे या अदलाबदलीने संख्या घटत नाही. तरीही एक नाव गळाले आहे : ग्लासगोचा थर्ड लॅनार्क.

हा किरकोळ क्लब नव्हता. १८७२ मध्ये स्वयंसेवक सैनिकांनी स्थापन केलेल्या या संघाने १८८९ आणि १९०५ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला, १९०३-०४ मध्ये लीग जिंकली. १९६०-६१ मध्येही तो १०० गोल करून प्रथम विभागात तिसरा आला होता.

पहिला तर्क असा, की खराब खेळाने क्लब बुडाला. त्याला पुरावा दिसतो : १९६४-६५ मध्ये ३४ सामन्यांत ३ विजय, १ बरोबरी, ३० पराभव; गुण अवघे ७. त्या वर्षी संघ द्वितीय विभागात घसरला. पण १९६६-६७ ची ओळ वेगळे सांगते : १३ विजय, ८ बरोबऱ्या, १७ पराभव. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. बेरीज ३४ येते आणि क्रमांक अकरावा. त्याच्या खाली नऊ संघ होते. ते नऊही पुढच्या वर्षी मैदानात उतरले. हा तर्क येथेच गळतो.

दुसरा तर्क प्रेक्षकांचा. २५ एप्रिल १९६७ रोजी घरच्या कॅथकिन पार्क मैदानावर क्वीन ऑफ द साउथशी ३-३ अशी बरोबरी झाली. नोंदलेली उपस्थिती ३२५. आकडा बोलका आहे, पण जपून वापरायला हवा. तिकिटांचा हिशेब यजमान क्लबच ठेवी, आणि याच क्लबच्या कारभाराची पुढे चौकशी झाली. तरी तो दुप्पट धरला, तरीही मैदान ओसच ठरते. मात्र याच विभागातले छोट्या गावांचे क्लबही तुटपुंज्या गर्दीवर तगले. ओस मैदान हे लक्षण होते. तेवढ्याने मृत्यूचा उलगडा होत नाही.

तीन दिवसांनी, २८ एप्रिलला, डंबार्टनच्या बॉगहेड मैदानावर संघ ५-१ असा हरला. तो एकमेव गोल ड्रू बझबीचा. तो पुढे हार्ट्सकडून नावारूपाला आला. क्लबच्या इतिहासातला हा शेवटचा गोल. त्यानंतर महिन्याभरात, २५ मे रोजी, त्याच शहराच्या सेल्टिकने लिस्बनमध्ये युरोपियन चषक जिंकला. थर्ड लॅनार्क मात्र त्या उन्हाळ्यात दिवाळखोरीत निघाला.

आता खेळाडूंच्या आठवणी. पगार प्रवेशद्वारावर जमलेल्या चिल्लरीतून मिळे, असे त्या सांगतात. अशा आठवणी कालांतराने रंगतात, म्हणून एकेका प्रसंगावर भार देऊ नये. पण काटकसर आणि टाळाटाळीचे जे चित्र त्या उभे करतात, ते सरकारी कारवाईशी जुळते. बोर्ड ऑफ ट्रेडने चौकशी केली आणि १९६८ मध्ये चार माजी संचालक १९४८ च्या कंपनी कायद्याखाली दोषी ठरले. दंड प्रत्येकी १०० पौंड.

उरतो प्रश्न हेतूचा. अध्यक्ष बिल हिडलस्टन यांना मैदानाची जमीन विकायची होती, असे ग्लासगोत आजही सांगितले जाते. ते नोव्हेंबर १९६७ मध्ये वारले. त्यामुळे न्यायालयात त्यांची बाजू कधीच मांडली गेली नाही. शिक्षा झाली ती कंपनी कायद्याच्या उल्लंघनाबद्दल, जमिनीच्या व्यवहाराबद्दल नव्हे. कॅथकिन पार्कवर घरे उभी राहिली नाहीत; ते सार्वजनिक उद्यान आहे. यातून विक्री फळाला आली नाही एवढे सिद्ध होते. ती कोणाच्या मनात होती का, हे नाही.

म्हणून निष्कर्ष दोन पायऱ्यांत मांडावा लागतो. क्लब मैदानावर मेला नाही, हे तक्त्यावरून निश्चित. तो कारभाराने मेला, हे न्यायालयीन निकाल पाहता जवळपास निश्चित. तो जाणूनबुजून मारला गेला, हा मात्र अजूनही आरोपच आहे, आणि आरोप म्हणूनच तो लिहिला पाहिजे.