शंख आणि डंख

श्रीगोंद्याच्या माणसाने समुद्री गोगलगायीवर लिहावे, हे विचित्र वाटेल. पण आमच्या तालुक्याच्या शिवेवरून वाहणाऱ्या घोड नदीपलीकडे इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या त्या शेतकरी वस्तीत शंखाच्या बांगड्या होत्या. घोडच्या पात्रात शंख होत नाही. तो समुद्रावरूनच यायला हवा.

शंखातला जीव सागरतळावरचे कृमी खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. त्याची दूरची भावंडे म्हणजे शंकूच्या आकाराच्या ‘कोनस’ गोगलगायी. त्या मात्र विषारी. पोकळ, भाल्यासारखा दात भक्ष्यात खुपसून त्या विष सोडतात. ‘कोनस जिओग्राफस’च्या डंखाने माणसेही दगावली आहेत. आंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस या अंध अभ्यासकाच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात अशा मृत्यूची नोंद आहे. कवच देखणे, म्हणून हात पुढे होतो!

आपल्या इतिहासलेखनाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. बांगडी घालणारी आपण ओळखतो, कापणारा कारागीरही थोडाफार. पाण्यात उतरून जिवंत शंख उचलणारा आणि कशाला हात लावू नये हे जाणणारा नोंदीतच नाही. ते ज्ञान बांगडीबरोबर घाटावर आले नाही.

विष मात्र औषध होऊन आले. ‘कोनस मॅगस’च्या विषातील घटकाची प्रयोगशाळेत केलेली नक्कल, झिकोनोटाइड, २००४ साली अमेरिकेत तीव्र वेदनांसाठी मंजूर झाली. ती थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात.